नव्या शहरात संसार मांडताना: जोडप्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहर बदलायचा विचार करणारं जोडपं भेटलं की बोलणं फिरून फिरून त्याच काही प्रश्नांवर येतं. आम्ही दोघांनी बिऱ्हाड दोनदा हलवलं. पहिल्यांदा माझी नोकरी पक्की होती आणि जोडीदाराची नव्हती, आणि निर्णय आठवडाभरात उरकला. दुसऱ्यांदा सहा महिने घेतले. इथली उत्तरं त्या दोन अनुभवांतून आणि या विषयावर जे वाचत आलो त्यातून लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांमध्ये एक आग्रह तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. दोघांपैकी ज्याचं जास्त सुटणार आहे, त्याचा हिशोब आधी मांडा.

सुरुवात कुठून करायची?

शहरांच्या नावांपासून करू नका. नाव घेतलं की मनात चित्र उभं राहतं आणि पुढचं सगळं बोलणं त्या चित्राच्या बाजूने किंवा विरोधात होतं. त्याऐवजी दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून, एकमेकांशी न बोलता, आपापल्या कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. कशाशिवाय राहणं जमणारच नाही, काय मिळालं तर आवडेल, आणि काय अजिबात सहन होणार नाही. तिसरी यादी सगळ्यात उपयोगी ठरते. 'आवडेल' या सदरात माणूस भरपूर स्वप्नं लिहितो, पण 'सहन होणार नाही' लिहिताना तो खरं बोलतो.

मग कागद अदलाबदल करून वाचा. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की रात्री उशिरा एकट्याने घरी परतता येणं ही माझ्या जोडीदाराच्या यादीतली पहिली ओळ होती. माझ्या यादीत ती कुठेच नव्हती, कारण मला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

एकाची नोकरी पक्की आहे. दुसऱ्याचं तिथे गेल्यावर बघू, असं ठरवलं तर चालेल का?

चालतं, पण डोळे उघडे ठेवून. 'नंतर बघू' या दोन शब्दांत किती काही दडलेलं असतं, ते दोघांनी आधी समजून घ्यायला हवं.

अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये कुटुंबांच्या स्थलांतरावर एक लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा आहे. कुटुंब हलतं ते दोघांच्या फायद्या-तोट्याची बेरीज फायद्यात निघते म्हणून. पण बेरीज फायद्यात असली तरी एकाचा वैयक्तिक तोटा होऊ शकतो. एकटं असतं तर जे माणूस हललंच नसतं, ते जोडीदारासोबत बांधलं जाऊन हलतं. उलटही घडतं. एकटं असताना जे नक्की गेलं असतं, ते जोडीदारामुळे मागे राहतं. हा तोटा बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येत असल्याचं नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आधीच पगार कमी, म्हणून तिची नोकरी 'सोडण्यासारखी' ठरते. सोडल्यावर कामात खंड पडतो, म्हणून पुढचा पगार आणखी कमी, आणि पुढच्या वेळी तिचीच नोकरी पुन्हा 'सोडण्यासारखी'. हे चक्र पहिल्याच वळणावर तोडायला हवं.

म्हणून जाण्याआधी चार गोष्टी ठरवा आणि लिहून ठेवा. मागे येणाऱ्याला काम शोधायला किती महिने द्यायचे. तोपर्यंतचा खर्च कुठून चालवायचा, आणि त्याच्या हातात त्याचे स्वतःचे, न मागता खर्चता येतील असे पैसे किती राहतील. मनासारखं काम मिळालं नाही तर काय करायचं. आणि पुढच्या वेळी शहर बदलायची पाळी आली तर पहिला शब्द कुणाचा. शेवटच्या मुद्द्यावर जोडपी हसतात. आमच्याकडे मात्र दुसऱ्या वेळी तोच कागद काढला गेला.

घरून काम करायची मुभा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. मुभा देणारा साहेब बदलतो, कंपनीचं धोरण बदलतं. ती नोकरी उद्या गेली तर त्याच शहरात दुसरी मिळेल का, हा प्रश्न तिथेही लागू आहे.

मोठं शहर घ्यावं की मध्यम?

दोघांच्या कामाच्या स्वरूपावर हे ठरतं, आवडीवर कमी. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू काहन यांनी २००० साली अमेरिकेतल्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघंही पदवीधर असलेल्या जोडप्यांपैकी मोठ्या महानगरांत राहणाऱ्यांचं प्रमाण १९४० मध्ये ३२ टक्के होतं, ते १९९० पर्यंत ५० टक्क्यांवर गेलं. त्यांनी लावलेला अर्थ असा, की दोन वेगळ्या क्षेत्रांतल्या नोकऱ्या एकाच ठिकाणी मिळण्याची शक्यता मोठ्या शहरातच जास्त, म्हणून अशी जोडपी तिकडे ओढली जातात. जॅनिस कॉम्प्टन आणि रॉबर्ट पोलाक यांनी २००७ मध्ये यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते शिकलेली माणसं एकटी असतानाच मोठ्या शहरात जातात आणि तिथेच त्यांची जोडी जमते. कारण कुठलंही धरा, एक गोष्ट उरतेच. मोठ्या शहरात दुसरी नोकरी शोधायला पुन्हा घर हलवावं लागत नाही.

स्वतःला असं विचारा: उद्या दोघांचीही नोकरी गेली, तर याच घरात राहून प्रत्येकाला अर्ज करता येतील अशा जागा किती? एकाच्या वाट्याला दहा आणि दुसऱ्याच्या वाट्याला एक, असं उत्तर आलं तर ते शहर एकाचंच आहे.

शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, हिशेबनीस, वीजतंत्री यांची गरज जवळपास सगळीकडे असते. अशा दोन माणसांना मध्यम शहर फार चांगलं मानवतं. तिथे घर परवडतं, प्रवास कमी होतो आणि ओळखी लवकर होतात. दोघांपैकी एकाचं जरी अगदी विशेष क्षेत्र असेल, जगात मोजक्याच ठिकाणी चालणारं, तर मोठ्या शहराला पर्याय फारसा उरत नाही.

तिकडे पगार जास्त मिळतोय. मग प्रश्न कुठे आहे?

आकड्यातून आकडा वजा केल्यावर प्रश्न दिसतो. आजचा दोघांचा मिळून हातात येणारा पगार १०० भाग धरा. त्यातले २५ घरभाड्याला जातात, ५ प्रवासाला. उरले ७०. नव्या शहरात पगार १३०. ऐकायला छान. पण भाडं ५०, प्रवास १०, आणि घरच्यांना भेटायला जाण्या-येण्याचे वर्षाचे पैसे महिन्यांत वाटले तर ४. उरले ६६. तीस टक्के वाढ घेऊन तुम्ही आज आहात त्याच्याही मागे गेलात.

यात अजून मूल नाही, पाळणाघर नाही, आणि एकाचा पगार सहा महिने थांबला तर काय होईल तेही नाही. म्हणून हा हिशोब दोनदा करा. एकदा दोन पगारांवर आणि एकदा फक्त एकावर. दुसऱ्या हिशोबात घरभाडंच भागत नसेल, तर त्या वस्तीत घर घेऊ नका, शहर कितीही आवडलेलं असो.

याची दुसरी बाजूही आहे. सुरुवातीला हातात कमी उरलं तरी काही शहरांत शिकायला मिळतं, आणि ते शिकणं पुढे कुठेही सोबत येतं. वयाच्या पंचविशीत ही किंमत मोजावीशी वाटणं मला योग्यच वाटतं. फक्त दोघांपैकी शिकणार कोण आणि मोजणार कोण, ते स्पष्ट असावं.

ऑफिसपासून किती लांब राहिलं तर चालतं?

मला विचाराल तर दारापासून दारापर्यंत, एका बाजूने, अर्धा तास. पाऊण तासाच्या पुढे घर कितीही मोठं मिळो, माझा सल्ला नाहीच.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं, की वाहनं बदलली, वेग वाढले, शहरं पसरली, तरी माणूस रोजच्या प्रवासाला जाऊन-येऊन साधारण एक तासच देत आला आहे. वेग वाढला की माणूस वाचलेल्या वेळात लांब जाऊन राहतो. हा एक तास म्हणजे बहुधा आपल्या सहनशक्तीची मूळ मर्यादा.

मर्यादेपलीकडे गेल्यावर काय होतं? एका बाजूने एक तास धरा. वर्षाचे २३० कामाचे दिवस धरले तर ४६० तास झाले, म्हणजे आठ तासांचे साडेसत्तावन्न दिवस. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी होतं. जास्त पगार किंवा स्वस्त घर या गोष्टींनी ती उणीव भरून निघायला हवी होती, ती निघत नव्हती. माणूस मोठं घर बघतो तेव्हा खोल्या मोजतो. रस्त्यात जाणारे तास मोजायला विसरतो.

ऑफिसं दोन, तीही दोन दिशांना असतील तर नकाशावरचा बरोबर मध्य काढू नका. ज्याच्या कामाच्या वेळा ठरलेल्या नसतात, ज्याला रात्री परतावं लागतं, त्याच्या बाजूला झुका. पुढे मूल झालं की शाळेतून फोन आल्यावर कोण पोचणार, याचं उत्तरही ज्याचं ऑफिस जवळ तोच, असं होतं. त्यामुळे घर एकाच्या ऑफिसजवळ घेताना मुलाची सगळी जबाबदारी त्याच्यावर नकळत ढकलली जात नाही ना, ते आत्ताच बोलून घ्या.

आणि सरासरी वेळेपेक्षा भरवसा बघा. रोज नेमका चाळीस मिनिटांचा प्रवास सोसतो. कधी वीस, कधी नव्वद, असा प्रवास माणसाला थकवतो.

'राहण्यायोग्य शहरां'च्या याद्यांवर विश्वास ठेवावा का?

त्या कुणासाठी बनतात ते बघून वाचाव्यात. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेच्या प्रसिद्ध निर्देशांकात स्थैर्याला २५ टक्के, आरोग्यसेवेला २०, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सुविधांना २० टक्के वजन असतं. राहण्याचा खर्च यात धरलेलाच नाही. परगावी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला गैरसोयीपोटी किती भत्ता द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावं हा अशा मोजमापांचा एक मोठा उपयोग. ज्याचं घरभाडं कंपनी भरते त्याला खर्चाची चिंता नसते. तुम्हाला आहे.

शिवाय यादी शहराची सरासरी सांगते. तुम्ही राहणार एका गल्लीत.

हवामान किती महत्त्वाचं मानावं?

सुखकर हवामानाला लोक गरजेपेक्षा जास्त गुण देतात, आणि हवेच्या शुद्धतेला गरजेपेक्षा कमी. या दोन गोष्टी वेगळ्या करा.

डेव्हिड श्काडे आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दल विचारलं. कॅलिफोर्नियातली माणसं जास्त सुखी असणार, असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात स्वतःच्या समाधानाला दोन्हीकडच्यांनी जवळपास सारखेच गुण दिले. एखाद्या गोष्टीचा विचार करत असताना ती असते त्याहून मोठी वाटते. शहर निवडताना ऊन-पावसाचा विचार आपण खूप करतो. राहायला गेल्यावर दिवस जातो तो कामात, माणसांत, स्वयंपाकात आणि झोपेत.

हवेचं तसं नाही. तिची सवय झाली असं वाटलं तरी फुप्फुसांना होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आधी ती १० होती. जगातली बहुतेक मोठी शहरं तिच्या वर आहेत, त्यामुळे 'मर्यादेत आहे का' असं विचारून निवड होणार नाही. किती पट वर आहे आणि वर्षातले किती महिने, हे विचारा. घरात दम्याचा त्रास कुणाला असेल तर सगळ्यात वाईट महिन्याचे आकडे बघा, वर्षाची सरासरी नको.

आवाजही लक्षात घ्या. याच संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा अशी शिफारस केली. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप असतं. आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन घरांची तुलना करायला पुरतो.

पुराबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. 'शंभर वर्षांतला पूर' म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा, असं नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, असा त्याचा अर्थ. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. घराच्या कर्जाची मुदत अनेकदा एवढीच असते.

शहर बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

बघण्यासारखी ठिकाणं बघू नका. किमान आठवडाभर जा, आणि तिथल्या सगळ्यात त्रासदायक ऋतूत जा. शहराच्या मध्यावरचं हॉटेल घेऊ नका, जिथे भाड्याने राहणं परवडेल त्या वस्तीत मुक्काम करा.

कामाच्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वेळेला निघून दोघांनीही आपापल्या ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन या. संध्याकाळी गर्दीतून परत या, आणि परत आल्यावर स्वयंपाक करायची ताकद उरते का ते बघा. भाजी आणा. औषधाच्या दुकानात जाऊन जवळचा डॉक्टर विचारा, रात्री कोण उघडं असतं तेही विचारा. पाणी किती वेळ येतं, वीज किती वेळा जाते, हे घरमालकापेक्षा शेजारी खरं सांगतात. घराच्या आतल्या खोलीत फोनला रेंज येते का बघा.

रात्री दहाच्या सुमारास दोघांनी वेगवेगळं, एकट्याने, बसथांब्यापासून घरापर्यंत चालत या. एकत्र चालू नका. दोघांना तोच रस्ता वेगळा वाटतो, आणि ज्याला जास्त भीती वाटली त्याचं मत अंतिम धरा. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

शेवटच्या दोन दिवसांत काहीच ठरवू नका. एखाद्या रिकाम्या दुपारी तिथे काय करावंसं वाटतं ते कळू द्या. आमच्या पहिल्या शहरात आम्ही हे केलं नव्हतं. वर्षभर प्रत्येक सुट्टीला शहराबाहेर पळत होतो, आणि त्याचं कारण खूप उशिरा लक्षात आलं. घरापासून चालत जाऊन निवांत बसता येईल अशी एकही जागा जवळ नव्हती.

किती शहरं तपासावीत?

तीन. त्याहून जास्त शहरांत प्रत्येकी आठवडा काढणं नोकरी करणाऱ्यांना जमत नाही.

जाताच घर विकत घ्यावं का?

नको. पहिलं वर्ष भाड्याने राहा. बाहेरून आलेल्याला कुठली वस्ती चांगली हे नकाशावरून कळत नाही, आणि पहिल्या वर्षात दोघांपैकी एकाची नोकरी बदलण्याची शक्यता बरीच असते.

विकत घ्यायचा विचार आलाच तर एक सोपा भागाकार करा. घराच्या किमतीला तशाच घराच्या वर्षभराच्या भाड्याने भागा. उत्तर १५ च्या खाली आलं तर विकत घेणं बहुधा फायद्याचं, २० च्या वर गेलं तर भाड्याने राहणं बरं, असा ढोबळ नियम आहे. व्याजदर आणि करांचे नियम यांनी तो थोडा सरकतो. खरेदी-विक्रीत कर, नोंदणी, दलाली असे खर्च दोन्ही वेळा होतात, त्यामुळे चार-पाच वर्षांत पुन्हा हलायची शक्यता असेल तर घर घेऊन विकण्यात नुकसानच जास्त. दोन पगार गृहीत धरून काढलेलं कर्ज तर नव्या शहरात पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नये. त्या कर्जामुळे ज्याला नोकरी सोडायची आहे त्याला सोडता येत नाही.

आई-वडिलांपासून किती लांब जावं?

हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात, जरा हळू आवाजात. खरं तर तो पहिल्यापासून मनात असतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. रात्री अकराला फोन आला तर सकाळपर्यंत पोचता येईल का, असं मोजा. चारशे किलोमीटरवरून रात्रीची गाडी असेल तर पोचता येतं. विमानाने दोन तासांचं गाव असलं आणि दिवसाला एकच विमान असलं, तर नाही पोचता येत.

मग चारही जणांची नावं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे आजचं वय, तब्येत, पाच आणि दहा वर्षांनंतरचं वय, आणि जवळ दुसरं कोण आहे ते लिहा. भावंडं जवळ असतील तर त्यांच्याशी बोला. आपण लांब गेलो की त्यांच्यावरचा भार वाढतो. ते त्यांना न विचारता करू नये. दोघांच्या घरांपासून सारखंच अंतर ठेवणं न्यायाचं वाटतं, पण एकाच्या घरी गरज जास्त असेल तर सारखं अंतर हाच अन्याय ठरतो. ज्याचे आई-वडील लांब राहणार आहेत, त्याच्या जाण्या-येण्याचे पैसे आणि रजा संसाराच्या खर्चात आधीच धरा. दरवेळी परवानगी मागायची वेळ आणू नका.

जवळ राहण्याचा फायदा उलट दिशेनेही होतो. वर ज्यांचा उल्लेख आला त्याच कॉम्प्टन आणि पोलाक यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या लहान मुलांच्या आयांचा अभ्यास केला. ज्यांची आई किंवा सासू जवळ राहते, त्या बायका नोकरीत असण्याचं प्रमाण शंभरामागे ४ ते १० जणींनी जास्त होतं. रोज मूल सांभाळायला कुणी नसलं, तरी ताप आलेल्या दिवशी कुणीतरी येऊ शकतं, एवढ्या आधारानेही नोकरी टिकते.

पण आजी-आजोबा हे पाळणाघर नाहीत. त्यांना विचारलं आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक जोडप्याला विचारतो. बहुतेकांनी विचारलेलं नसतं.

मूल अजून नाही. शाळांचा विचार आत्ताच करावा का?

थोडा करावा. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांमधल्या अतिशय गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी घरभाड्याची मदत दिली गेली. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या मुलांची माहिती तपासली. जी मुलं १३ वर्षांची होण्याआधी हलली, त्यांची विशीतली कमाई, मदत न मिळालेल्या कुटुंबांतल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याहून मोठ्या वयात हललेल्या मुलांना तसा फायदा दिसला नाही. तुमची परिस्थिती वेगळी असेल, त्यामुळे हा आकडा तुमच्यासाठी नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की वस्तीचा परिणाम लहान वयात साठत जातो. मूल शाळेत जाईपर्यंत तुमच्या हातात वर्षं आहेत. आज शाळेजवळ महाग घर घेऊ नका. शहर ठरवताना चांगल्या शाळा असलेल्या वस्त्या तुमच्या आवाक्यात येतील का, एवढंच बघा.

तिथे आमचं कुणीच नाही. माणसं कशी जोडायची?

वेळ देऊन, दुसरा रस्ता मला सापडलेला नाही. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सोबतचे सुमारे ५० तास लागतात, मैत्री म्हणावी अशी व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आठवड्याला दोन तास भेटलात तर १०० आठवडे, म्हणजे जवळपास दोन वर्षं. पहिल्या सहा महिन्यांत जिवाभावाचं कुणी मिळालं नाही म्हणून शहराला दोष देऊ नका.

हे तास आपोआप साठतील अशी एक गोष्ट दोघांनी वेगवेगळी निवडा. गाण्याचा वर्ग, पोहणं, वाचनकट्टा, स्वयंसेवी काम, काहीही, पण दर आठवड्याला त्याच वेळी तीच माणसं भेटतील असं. सगळे मित्र एकाच्या ऑफिसचे असले की दुसरा त्यांच्यात कायम 'सोबत आलेला' राहतो. दोघांची आपापली माणसं असणं ही चैन समजू नका.

साध्या ओळखीही कमी लेखू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती बातमी रोजच्या मित्रांकडून कळली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. ज्या जोडीदाराला नव्या शहरात काम शोधायचं आहे, त्याने म्हणूनच घरात बसून अर्ज करत राहू नये.

तिथली भाषा येत नाही. अडेल का?

ऑफिसात कदाचित अडणार नाही. दवाखान्यात, शेजारात आणि दाराशी येणाऱ्या माणसांशी अडेल. ज्याचं ऑफिस आहे त्याचं भागतं आणि जो घरी असतो तो मुका होतो, म्हणून दोघांनी एकत्र शिकावी. जायच्या तीन महिने आधी सुरुवात करा. आकडे, दिशा, दुखणं सांगणं आणि नम्रपणे नाही म्हणणं, एवढं आलं की पहिला महिना निभतो.

आमचं एकमत होत नाही. गुणांचा तक्ता करावा का?

करा, पण बेरीज एकत्र करू नका. चूक इथेच होते. शहर 'क' ला एकाने ९ आणि दुसऱ्याने ३ दिले, शहर 'ख' ला दोघांनी ५ आणि ६ दिले. बेरजेत 'क' ला १२ मिळतात आणि 'ख' ला ११, म्हणून 'क' जिंकतं. पण तुम्ही बेरजेत राहणार नाही. ३ देणारा माणूस रोज त्या ३ मध्ये उठणार आहे. म्हणून दोन रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवा आणि प्रत्येक शहराचा लहान आकडा बघा. ज्या शहराचा लहान आकडा सगळ्यात मोठा, ते आधी निवडा. या हिशोबात 'ख' येतं.

एवढं करूनही जमलं नाही तर मुदतीचा करार करा. दोन वर्षं एकाच्या पसंतीच्या शहरात, आणि तारीख ठरवून त्या दिवशी पुन्हा बोलणं. तारीख लिहून ठेवा. माझा आक्षेप गप्प बसून दिलेल्या होकाराला आहे. भांडून झालेला निर्णय टिकतो. 'तू म्हणालास म्हणून मी आले' किंवा 'तुझ्यासाठी सोडलं' हे वाक्य पाच वर्षांनी उगवतं, आणि तेव्हा त्याला उत्तर नसतं.

गेल्यावर करमलं नाही तर?

मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये नव्या मुलुखात रुळण्याचे टप्पे मांडले. आधी नवलाई, मग उबग, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं. परदेशी जाणाऱ्यांबद्दल त्यांनी लिहिलं असलं तरी दुसऱ्या शहरात जाणाऱ्यालाही हे ओळखीचं वाटेल. दोघं एकाच वेळी एकाच टप्प्यावर नसतात, हे मात्र लक्षात ठेवा. रोज ऑफिसला जाणारा लवकर रुळतो आणि दुसऱ्याच्या उबगाला 'तू प्रयत्नच करत नाहीस' म्हणतो. असं म्हणू नका. आणि उबगाच्या महिन्यांत परतीचा निर्णयही घेऊ नका. वर्ष पूर्ण होऊ द्या.

वर्षानंतरही नाहीच जमलं तर परत या. ई. जी. रेव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले. त्यातला एक असा, की स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाच्या उलट एक परतीचा प्रवाहही असतोच. परत येणारी माणसं तेव्हाही होती.

परतीचे पैसे मात्र पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. सामान हलवण्याचा खर्च, नव्या घराची अनामत आणि तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च. हे खातं दोघांपैकी कुणालाही एकट्याला वापरता यावं.

निघण्याआधीची कागदपत्रं?

भाडेकरार दोघांच्या नावावर करा. घर एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याला पत्त्याचा पुरावा, बँकेचं खातं, वाचनालयाचं कार्डसुद्धा मिळवताना अडचण येते, आणि काही बिनसलं तर राहण्याचा हक्कही कच्चा पडतो. करारात घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची आणि अनामत कधी परत मिळणार, हे वाचून मगच सही करा. दोघांचेही वैद्यकीय अहवाल, लसीकरणाच्या नोंदी, चष्म्याचा नंबर सोबत घ्या. आरोग्य विमा नव्या शहरातल्या कुठल्या रुग्णालयांत चालतो ते आधी तपासा, आणि त्यातलं घराजवळचं रुग्णालय कुठलं ते दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. मतदार यादीतलं नावही पहिल्या काही महिन्यांत हलवून घ्या.